शोधणाऱ्याच्या शब्दांत : ऑन-पेज एसईओची पहिली ओळख

रायगड जिल्ह्यातले पेण गणपतीच्या मूर्तींसाठी ओळखले जाते. पेण शहरात आणि हमरापूर, जोहे यांसारख्या आसपासच्या गावांत मूर्तींचे कारखाने आहेत. तिथल्या मूर्ती मुंबई-पुण्याला जातात, तशाच परदेशातल्या मराठी घरांतही पोचतात. अशा एखाद्या कारखान्याने स्वतःची वेबसाइट केली आहे, असे समजू. पहिल्या पानावर मूर्तीचे मोठे छायाचित्र, त्यावर वळणदार अक्षरांत ‘परंपरा आणि श्रद्धेचा संगम’ ही ओळ आणि खाली फोन नंबर. मूर्ती कोणत्या मातीची, किती उंचीची, कितीला, कोणत्या शहरात घरपोच मिळेल, यातले काहीच शब्दांत लिहिलेले नाही. ठाण्यातले एखादे कुटुंब मोबाइलवर ‘शाडूचा गणपती ठाणे’ असे लिहून शोध घेते, तेव्हा हे पान त्यांच्यासमोर येण्याची शक्यता फार कमी. त्यांना हवी ती मूर्ती कारखान्यात तयार आहे, पण पानावर तसे कुठेच म्हटलेले नाही.

ही दरी बुजवण्याच्या कामाला ऑन-पेज एसईओ म्हणतात. एसईओ म्हणजे सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन : शोध घेणाऱ्याला आपले पान सापडावे, यासाठी केलेली मांडणी. त्यातला जो भाग पानावरच, आपल्या स्वतःच्या हाताने करता येतो, तो ऑन-पेज. इतरांनी आपल्या पानाला दिलेल्या लिंक हा वेगळा भाग. तो ऑफ-पेजमध्ये मोडतो. या विषयाभोवती गूढ वलय बरेच आहे आणि ‘पहिल्या क्रमांकाची हमी’ देणारेही पुष्कळ भेटतात. प्रत्यक्षात याचा पाया साधा आहे : पान कशाबद्दल आहे ते शोधणाऱ्याच्या शब्दांत, योग्य जागी आणि खरेखरे सांगायचे.

सर्च इंजिन पान कसे वाचते

सर्च इंजिनचे काम तीन टप्प्यांत चालते. पहिला टप्पा क्रॉलिंगचा. गूगलबॉट हा गूगलचा प्रोग्राम एका पानावरच्या लिंकवरून दुसऱ्या पानावर जात राहतो आणि सापडलेली पाने गोळा करतो. दुसरा टप्पा इंडेक्सिंगचा. गोळा केलेल्या पानावर कोणते शब्द आहेत, ते कुठे आहेत, भाषा कोणती, विषय कोणता, याची नोंद होते. जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते, तशीच ही सूची, फक्त अतिप्रचंड. तिसऱ्या टप्प्यात, कोणी काही शोधले की या सूचीतून योग्य वाटणारी पाने निवडून त्यांचा क्रम लावला जातो.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की आपण शोध घेतो त्या क्षणी गूगल सारे इंटरनेट धुंडाळत नाही. ते आधीच तयार असलेल्या सूचीत पाहते. पान सूचीत गेलेच नसेल किंवा भलत्याच विषयाखाली गेले असेल, तर पुढचे सगळे कष्ट वाया जातात.

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगल स्थापन केले, तेव्हा त्यांचे वैशिष्ट्य होते ‘पेजरँक’ : एखाद्या पानाकडे किती आणि कोणत्या पानांवरून लिंक येतात, यावरून त्या पानाचे वजन ठरवण्याची पद्धत. आज क्रम ठरवताना त्याखेरीज इतर कितीतरी गोष्टी पाहिल्या जातात आणि त्यांचे नेमके सूत्र जाहीर नाही. म्हणून क्रमांकाची हमी कोणालाच देता येत नाही. आपल्या हाती आहे ते पान स्वच्छ आणि वाचनीय करणे.

आधी लोकांचे शब्द शोधा

लिहायला बसण्यापूर्वी एक काम करायचे असते. आपल्या ग्राहकाच्या किंवा वाचकाच्या तोंडी कोणते शब्द आहेत, ते समजून घ्यायचे. मूर्तिकार ‘कच्ची मूर्ती’, ‘आखणी’ असे शब्द सहज वापरतो. घरच्या गणपतीसाठी मूर्ती शोधणारा मात्र ‘मातीचा गणपती’, ‘शाडूची गणपती मूर्ती किंमत’, ‘इको फ्रेंडली गणपती’, ‘घरी विसर्जन करता येईल अशी मूर्ती’ असे लिहितो. शोधताना वापरलेल्या अशा शब्दांना किंवा शब्दसमूहांना कीवर्ड म्हणतात.

हे शब्द शोधायला महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. गूगलच्या चौकटीत ‘शाडूची मूर्ती’ एवढे लिहून थांबले, की खाली सूचना येतात. त्या लोकांच्या खऱ्या शोधांवर आधारलेल्या असतात. गूगल ट्रेंड्सवर एखाद्या शब्दाचा शोध वर्षाच्या कोणत्या काळात वाढतो, ते दिसते. पण सगळ्यांत चांगला स्रोत आपल्या फोनमध्येच असतो. गिऱ्हाईक फोनवर आणि व्हॉट्सअॅपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते जसेच्या तसे लिहून काढावेत. ‘एक फुटाची मूर्ती केवढ्याला?’, ‘रंग पाण्यात उतरतो का?’, ‘प्रवासात मूर्ती दुखावली तर?’ ही यादी म्हणजेच पानाचा आराखडा.

प्रत्येक शोधामागे एक हेतू असतो. ‘शाडूची माती म्हणजे काय’ असे विचारणाऱ्याला माहिती हवी आहे, ‘शाडूची मूर्ती ऑनलाइन बुकिंग’ असे लिहिणाऱ्याला खरेदी करायची आहे. दोघांना एकाच पानावर कोंबले, तर दोघांचेही समाधान होत नाही. एका पानाचा एक मुख्य हेतू असावा आणि एका पानावरून दुसऱ्यावर जायला लिंक असावी.

मराठीत शब्द निवडताना आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात. एक म्हणजे विभक्ती. ‘ठाणे’ हे नाव वाक्यात आले, की ‘ठाण्यात’, ‘ठाण्याला’ असे होते. ‘पुणे’चे ‘पुण्याहून’ होते. वाक्ये नैसर्गिकच लिहावीत, पण मूळ रूपही पानावर कुठेतरी यावे. ‘घरपोच सेवा : मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक’ अशी साधी यादी दिली, की ते काम होते आणि वाचकालाही हवी ती माहिती एका नजरेत मिळते.

दुसरी गोष्ट शुद्धलेखनाची. अनेक जण ‘मूर्ती’ ऐवजी ‘मुर्ती’ लिहितात, कित्येक जण रोमन लिपीत मराठी टाइप करतात. त्यासाठी पानावर मुद्दाम चुकीचे शब्द पेरू नयेत. लेखनातले असे फरक सर्च इंजिने बऱ्याच अंशी ओळखतात. गूगलने डिसेंबर २०१९ मध्ये वाक्याचा संदर्भ समजून घेणारी ‘बर्ट’ ही प्रणाली ७० हून अधिक भाषांत शोधासाठी लागू केली, त्यात मराठीही होती. वाचकाच्या तोंडी असलेला इंग्रजी शब्द मात्र टाळू नये. ‘शाडूच्या मातीची, म्हणजे ज्यांना आपण इको फ्रेंडली म्हणतो त्या मूर्ती’ असे एक वाक्य दोन्ही प्रकारच्या शोधणाऱ्यांना पुरते.

टायटल आणि वर्णन

पानाच्या कोडमध्ये ‘टायटल’ नावाचा भाग असतो. शोधाच्या निकालात जी ठळक निळी ओळ दिसते, ती बहुतेक वेळा इथूनच येते. पानावरच्या शब्दांत सर्वाधिक लक्ष द्यावे, अशी ही जागा. आपल्या कारखान्याच्या पानाचे टायटल नुसते ‘मुख्यपृष्ठ’ किंवा ‘स्वागत’ असेल, तर सोन्यासारखी संधी गेली. ‘शाडूच्या गणपती मूर्ती, पेण : उंची, किंमत आणि बुकिंग’ एवढ्यात विषय, गाव आणि पानावर काय मिळेल ते, सारे आले. लांबीची पक्की मर्यादा नाही. पण निकालात जागा ठरावीक असते आणि मोबाइलवर ओळ कापली जाते, म्हणून महत्त्वाचे शब्द सुरुवातीला यावेत. प्रत्येक पानाचे टायटल वेगळे हवे. पानाशी न जुळणारे किंवा शब्दांनी ठासून भरलेले टायटल असेल, तर गूगल ते बाजूला ठेवून पानावरच्या मजकुरातून स्वतःच दुसरी ओळ निवडू शकते.

टायटलखाली दिसणाऱ्या दोन ओळी बऱ्याचदा ‘मेटा डिस्क्रिप्शन’ या भागातून घेतलेल्या असतात. या वर्णनाचा क्रमावर थेट परिणाम होत नाही, हे गूगलने २००९ मध्येच सांगितले आहे. तरी ते लिहावे, कारण निकालातल्या अनेक नावांपैकी कोणत्यावर बोट ठेवायचे, हे माणूस त्या दोन ओळी वाचून ठरवतो. ‘सहा इंचांपासून दोन फुटांपर्यंतच्या शाडूच्या मूर्ती. किमती, उपलब्ध रंग आणि घरपोच सेवेची शहरे इथे पाहा.’ एवढे स्पष्ट वर्णन पुरे. त्याच वर्षी गूगलने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली : ‘मेटा कीवर्ड’ या चौकटीत लिहिलेले शब्द ते क्रमासाठी वापरत नाही. ती चौकट शब्दांनी भरण्यात आजही कोणाचा वेळ जात असेल, तर तो वाचवता येईल.

शीर्षके आणि मजकूर

पानाच्या आत शीर्षकांची उतरंड असते. सर्वांत वरचे मुख्य शीर्षक कोडमध्ये ‘एच-१’ म्हणून नोंदवले जाते, त्याखालची उपशीर्षके ‘एच-२’, ‘एच-३’ अशी. नुसती अक्षरे मोठी आणि ठळक केल्याने शीर्षक होत नाही. लिहिण्याच्या साधनात ‘हेडिंग’ हा पर्याय निवडावा लागतो. त्याचा फायदा दोघांना होतो. यंत्राला पानाची रचना कळते आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन वाचकाला एका भागातून दुसऱ्या भागात उडी मारता येते. उपशीर्षके वाचकाच्या प्रश्नांवरून काढली, तर मजकूर आपोआप नीट रचला जातो : ‘मूर्तीच्या उंची आणि किमती’, ‘बुकिंग कसे करावे’, ‘घरी विसर्जन कसे करावे’.

मजकुराची सुरुवात थेट असावी. गणेशोत्सवाचे महत्त्व सांगणारे चार परिच्छेद ओलांडून किंमत शोधावी लागली, तर ग्राहक मागे फिरतो. पहिल्या दोन-तीन वाक्यांत मुख्य उत्तर द्यावे आणि तपशील पुढे मांडावा. मुख्य शब्द सुरुवातीला एकदा यावा, पुढे जिथे ओघाने येईल तिथे. शंभर शब्दांत तो अमुक वेळा आला पाहिजे, असे कोणतेही जादुई प्रमाण नाही. किमान इतके शब्द लिहिलेच पाहिजेत, असाही नियम नाही. एकच शब्द वाक्यावाक्यात कोंबण्याला ‘कीवर्ड स्टफिंग’ म्हणतात आणि गूगलच्या नियमांत ते स्पॅम ठरते.

शोधात वर यावे, एवढ्यासाठीच पोकळ मजकुराचे रतीब घालणाऱ्या साइट एके काळी फार माजल्या होत्या. त्यांना खाली ढकलण्यासाठी गूगलने फेब्रुवारी २०११ मध्ये ‘पांडा’ नावाचा बदल आणला. तेव्हापासून दिशा एकच आहे : वाचकाला खरोखर उपयोगी पडणारा, लिहिणाऱ्याच्या अनुभवातून आलेला मजकूर. इथे छोट्या व्यावसायिकाची बाजू भक्कम असते. शाडूची मूर्ती वाळायला काय लागते, ती का तडकते, प्रवासात कशी बांधावी, हे मूर्तिकाराइतके नेमके दुसरा कोण सांगणार? जे ज्ञान त्याच्या हातात आहे, ते पानावर उतरले, की तोच त्याचा सर्वांत मोठा एसईओ.

चित्रातली मराठी, कोडातली मराठी

मराठी पानांवर दोन अडचणी वारंवार दिसतात. पहिली, मजकूर चित्रात टाकण्याची सवय. दरपत्रक, वेळापत्रक, पत्ता, सगळे जाहिरातीसारखे सजवून एका चित्रात बसवायचे आणि ते चित्र पानावर चिकटवायचे. चित्रातली अक्षरे यंत्राला काही अंशी वाचता येतात, पण त्यावर विसंबून राहू नये. शिवाय अशा चित्रातला पत्ता कॉपी होत नाही, मोबाइलवर अक्षरे बारीक दिसतात आणि दृष्टिहीन वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. सजावटीचे चित्र जरूर ठेवावे, पण त्यातला मजकूर पानावर टाइपही करावा.

दुसरी अडचण जुन्या फॉन्टची. छपाईच्या व्यवसायात श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या प्रणालींचे जुने फॉन्ट वर्षानुवर्षे चालत आले. त्यांत पडद्यावर मराठी अक्षर दिसते, पण आत साठवलेला संकेत रोमन अक्षराचा किंवा दुसऱ्याच चिन्हाचा असतो. माहितीपत्रकातला असा मजकूर वेबसाइटवर टाकला, की सर्च इंजिनला निरर्थक चिन्हांची रांग मिळते. त्या फॉन्टमधून बनवलेल्या पीडीएफचीही तीच गत. उपाय एकच : मजकूर युनिकोडमध्ये असावा. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला स्वतःचा ठरलेला संकेत आहे, त्यामुळे ‘गणपती’ हा शब्द माणसालाही ‘गणपती’ आणि यंत्रालाही ‘गणपती’च दिसतो. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. बदल केल्यावर जोडाक्षरे मात्र डोळ्यांनी तपासून घ्यावीत.

छायाचित्रांसाठी ‘ऑल्ट टेक्स्ट’ लिहायचे असते. चित्रात काय आहे, ते सांगणारी ही छोटी ओळ. स्क्रीन रीडर ती वाचून दाखवतो आणि सर्च इंजिनलाही तिच्यावरून चित्र कळते. ‘फोटो १’ याने काहीच साधत नाही. ‘पिवळे पीतांबर नेसलेली, बारा इंच उंचीची शाडूची बैठी गणेशमूर्ती’ असे लिहिले, तर चित्र न पाहताही मूर्ती डोळ्यांसमोर येते. कॅमेऱ्याने दिलेले फाइलचे नावही अर्थपूर्ण नावाने बदलून घ्यावे.

पानाचा पत्ता आणि लिंक

पानाच्या पत्त्यात, म्हणजे यूआरएलमध्ये, विषय सांगणारे मोजके शब्द असावेत आणि शब्दांच्या मध्ये आडवी छोटी रेघ असावी. देवनागरी पत्ता चालतो, पण तो कॉपी करून पाठवला, की अनेकदा लांबलचक होतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे आणि सांकेतिक रूपात प्रत्येक बाइटची तीन चिन्हे होतात. ‘मूर्ती’ या एवढ्याशा शब्दात काना-मात्रा, हलन्त धरून सहा चिन्हे आहेत. त्यांची ५४ होतात. म्हणून पुष्कळ मराठी साइट पत्ता रोमन लिपीत ठेवतात. शोधातल्या क्रमावर पत्त्यातल्या शब्दांचा प्रभाव थोडाच असतो, त्यामुळे यावर फार डोके शिणवू नये.

हंगामी व्यवसायाने एक पथ्य मात्र पाळावे. पत्त्यात वर्ष घालू नये. २०२६ ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. टायटलमध्ये आणि मजकुरात ‘२०२६’ जरूर लिहावे, पण पत्ता दर वर्षी तोच ठेवून आतला मजकूर नवा करावा. त्यामुळे त्या पानाने मिळवलेल्या लिंक आणि ओळख पुढच्या वर्षीही कामी येते.

साइटमधल्या पानांनी एकमेकांना लिंक दिलेल्या असाव्यात. लिंकच्या शब्दांतूनच पुढच्या पानाचा विषय कळावा. ‘इथे क्लिक करा’ यातून काहीच कळत नाही. ‘मूर्तीचे घरी विसर्जन कसे करावे’ हीच लिंक असली, तर वाचकालाही कळते आणि यंत्रालाही. ज्या पानाकडे कुठूनच लिंक जात नाही, ते गूगलबॉटला सापडणेही कठीण. परदेशातल्या पुढच्या पिढीसाठी इंग्रजी पान करायचे असेल, तर ते स्वतंत्र असावे आणि दोन्ही पानांची जोडी ‘एचरेफलँग’ या खुणेने सांगावी.

मोबाइल आणि वेग

गूगल आता मुख्यतः पानाचे मोबाइलवरचे रूपच वाचते. संगणकावर दिसणारा मजकूर मोबाइलवर लपवला असेल, तर तो नसल्यातच जमा. वेगासाठी गूगलने ठरवलेल्या मापांपैकी एक साधे आहे : पानावरचा सर्वांत मोठा भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा. पानाला वेळ लागण्याचे नेहमीचे कारण म्हणजे कॅमेऱ्यातून जशीच्या तशी चढवलेली छायाचित्रे. ती आकाराने लहान करून घेतली, तरी मोठा फरक पडतो. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टच्या फाइलही बऱ्यापैकी मोठ्या असू शकतात. एका पानावर एक-दोन फॉन्ट पुरेत. पेजस्पीड इनसाइट्स या मोफत साधनात पानाचा पत्ता टाकला, की कुठे अडते ते समजते.

तपासणी

पान प्रसिद्ध केल्यावर गूगल सर्च कन्सोल या मोफत सेवेत साइट नोंदवावी. पान सूचीत गेले का, कोणत्या शब्दांनी शोधल्यावर ते दिसले, किती जणांनी ते उघडले, हे सारे तिथे कळते. पान सूचीत दिसतच नसेल, तर आधी एक सेटिंग पाहावे : वर्डप्रेसमध्ये साइट तयार होत असताना सर्च इंजिनांना दूर ठेवण्याचा पर्याय असतो आणि काम संपल्यावर तो तसाच चालू राहून जातो. पान दिसते पण उघडले जात नसेल, तर टायटल आणि वर्णन सुधारावे. लोक अनपेक्षित प्रश्नांनी येत असतील, तर त्या प्रश्नांची उत्तरे पानावर वाढवावीत. बदलाचा परिणाम दिसायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. रोज क्रमांक पाहून रोज टायटल बदलण्याने काहीच हाती लागत नाही.

हे सारे एका दिवसात करायची गरज नाही. साइटवरचे सर्वांत महत्त्वाचे एक पान निवडावे आणि आपल्या व्यवसायाशी संबंध नसलेल्या कोणाला तरी मोबाइलवर वाचायला द्यावे. पान कशाबद्दल आहे, ते कोणासाठी आहे आणि वाचून झाल्यावर पुढे काय करायचे, हे त्यांना अर्ध्या मिनिटात सांगता आले, तर पाया पक्का आहे. मराठीत प्रश्न विचारणारे लाखो लोक आहेत आणि त्यांची उत्तरे माहीत असणारी माणसेही गावोगावी आहेत : मूर्तिकार, शेतकरी, शिक्षक, वैद्य, कारागीर. त्यांचे ज्ञान चित्रांत आणि जुन्या फॉन्टमध्ये अडकून राहिले, तर मराठी माणसाला आपल्याच गावची माहिती दुसऱ्या भाषेत शोधावी लागते. ते स्वच्छ युनिकोड मराठीत, नेमक्या शीर्षकाखाली लिहिले गेले, तर मराठीत विचारलेल्या प्रश्नाला मराठीतच उत्तर मिळू लागेल. त्यासाठी लागणारी जवळजवळ सगळी साधने मोफत आहेत आणि सुरुवात एका पानापासून करता येते.